वसंतातल्या टर्की शिकारीसाठी कॉल कोणता घ्यावा: पाटी, पेटी की तोंडातला?

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानांत कॉल्सनी, म्हणजे टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांनी, अख्खी भिंत भरून जाते. लाकडी पेट्या, गोल पाट्या, आठ-दहा डॉलरच्या रबरी पट्ट्या, एका बोटाने दाबायची बटणं. नवा माणूस तिथे गोंधळतो आणि बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत देखणी वस्तू उचलून बाहेर पडतो. आमचं मत आधीच सांगतो: पहिल्या हंगामासाठी स्लेटचा, म्हणजे पाटीच्या दगडाचा, पृष्ठभाग असलेला चांगला पॉट कॉल (शीर्षकातली पाटी ती हीच) आणि त्यावर ओढायला दोन वेगवेगळ्या काड्या घ्या. पेटी दुसरी. तोंडात धरायचा कॉल लगेच विकत घ्या, पण त्याच्यावर विसंबून पहिल्या वर्षी रानात जाऊ नका.

कॉलला इतकं महत्त्व का, ते समजलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं. वसंतात नर टर्की पहाटे झाडावर बसल्या बसल्या गॉबल करतो, म्हणजे मोठ्याने साद घालतो, आणि माद्या आवाजाच्या रोखाने त्याच्याकडे जातात. शिकारी याच्या उलट मागतो: मादीचा आवाज काढून नरानेच आपल्याकडे चालत यावं. म्हणजे नराच्या सवयीविरुद्धची गोष्ट त्याच्या गळी उतरवायची आहे. पेनसिल्वेनियात तर वसंताच्या हंगामात दबा धरत पक्ष्याच्या मागे जाणं बेकायदाच आहे, बोलावूनच शिकार करायची. यंत्रातून वाजणाऱ्या रेकॉर्डिंगला बहुतेक राज्यांत मनाई आहे. तेव्हा हाताने किंवा तोंडाने वाजणारा कॉल हाच शिकारीचा कणा. बंदूक त्यानंतर येते.

पॉट कॉलपासून सुरुवात करू, कारण तो शिकायला सोपा आहे आणि बिघडवायलाही सोपा. हाताच्या पंजात मावेल अशी, तीन-साडेतीन इंच व्यासाची लाकडी किंवा प्लॅस्टिकची उथळ वाटी. वरच्या बाजूला स्लेट, काच किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती चिकटवलेली. तिच्या खाली थोडी जागा सोडून दुसरी, आवाज घुमवणारी चकती आणि तळाला भोकं. लाकडाची काडी वरच्या चकतीवर ओढली की आवाज तयार होतो. शाळेत पाटीवर पेन्सिल जरा तिरकी धरली की जो चरचरीत आवाज निघायचा, तोच इथे ताब्यात आणायचा असतो.

स्लेटचा आवाज मऊ, जरा घोगरा आणि जवळच्या अंतराला अतिशय खरा वाटणारा. काच आणि क्रिस्टल (काचेचाच एक प्रकार) यांचा आवाज टोकदार, लांब पोचणारा. अ‍ॅल्युमिनियम सगळ्यांत चढा, वाऱ्याच्या दिवशी उपयोगी, पण नवख्या हातात किंचाळतो. पूर्वेकडच्या दाट जंगलात, जिथे पक्षी साठ-सत्तर यार्डांवर येईपर्यंत दिसत नाही, तिथे स्लेट जितकं विश्वासाने चालतं तितकं दुसरं काही चालत नाही. म्हणून पहिली खरेदी स्लेट. वीस ते चाळीस डॉलरच्या दरम्यान चांगला मिळतो. हाताने घडवलेले शंभरच्या पुढे जातात, पण ते पैसे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

दुकानातून आणलेला पॉट बहुधा नीट वाजत नाही आणि लोक त्याला नावं ठेवतात. दोष पॉटचा नसतो, त्याचा पृष्ठभाग अजून खरखरीत केलेला नसतो. स्लेटवर भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचा तुकडा किंवा बारीक, साधारण २२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. काचेला जाड, ८० ते १०० नंबरचा पेपर लागतो, नाहीतर सोबत येणारा छोटा दगड. घासताना एकाच दिशेने घासायचं. गोल गोल फिरवायचं नाही. मग वाजवताना काडी या रेघांना आडवी जाईल असा पॉट धरायचा. एवढ्यानेच ‘हा कॉल घसरतो’ ही तक्रार संपते. घासून झाल्यावर धूळ फुंकून टाका, बोटाने पुसू नका. बोटाचं तेल हा या वस्तूचा पहिला शत्रू. सनस्क्रीन किंवा डासांचं औषध लावलेल्या हाताने एकदा स्पर्श झाला, तर तेवढ्या ठिकाणी काडी नुसती सरकते, आवाज निघत नाही.

पॉट तळहातावर टेकवायचा नाही. बोटांच्या टोकांवर, कडेने धरायचा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतात. तळवा चिकटला की आवाज बुजतो. हीच गोष्ट हवी तेव्हा कामाला येते: पक्षी जवळ आला की तळवा थोडा वर आणून आवाज मुद्दाम दबका करता येतो. काडी पेनसारखी, टोकापासून इंच-दीड इंचावर धरा. टोक किंचित स्वतःकडे, वरचा भाग बाहेर कललेला. कडेपासून अर्धा-एक इंच आत, लहानसा लंबगोल काढल्यासारखी ओढा. कडेजवळ आवाज चढा, मध्याकडे खाली. काडीचं टोक पृष्ठभागावरून उचलायचं नाही, ते उचललं की सुरांमधला धागा तुटतो आणि ऐकणाऱ्याला लाकडाचा ठोका कळतो.

टर्कीच्या मादीची साधी हाक, म्हणजे यल्प, दोन सुरांची असते: आधी स्वच्छ चढा, मग त्याच श्वासात मोडून खाली येणारा खरखरीत. तीन ते नऊ हाका एका लयीत. काडीवर दाब देऊन सुरुवात करायची आणि लंबगोल वळताना दाब सोडायचा, की सूर आपोआप मोडतो. क्लक हा एकच तुटक आवाज, काडी जागीच किंचित खेचून उडवल्यासारखा. इथेच नवखे फसतात. फार कडक आणि घाईने काढलेला क्लक टर्कीच्या कानाला पट वाटतो, म्हणजे धोक्याचा इशारा. दोन-तीन क्लक मोकळे, मध्ये श्वास घेण्याइतकी जागा ठेवून काढले तर ते समाधानी मादीचे वाटतात. पर्र, म्हणजे मादीचा मंद घरघरता आवाज, काढायचा तर काडीचं फक्त वजन पृष्ठभागावर राहू द्या आणि एक रेघ अगदी हळू ओढा. ती थरथरत गेली पाहिजे. चांगल्या स्लेटची खरी परीक्षा या पर्रवर होते. दुकानात पॉट हातात मिळाला तर यल्प काढून बघण्याआधी पर्र काढून बघा. तो स्वच्छ निघाला तर बाकी सगळं निघेल.

काड्यांबद्दल दुकानदार फारसं बोलत नाहीत, पण एकाच पॉटमधून दोन वेगवेगळ्या माद्यांचा आवाज काढायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दुसरी काडी. हिकरीची काडी गोड आणि मधल्या सुराची, पर्पलहार्टसारख्या जड लाकडाची काडी अधिक तीव्र. तिसरी घ्यायचीच तर कार्बन किंवा अ‍ॅक्रिलिकची घ्या, ती पावसासाठी. ओली स्लेट आणि ओलं लाकूड अजिबात वाजत नाही. काच किंवा क्रिस्टलवर कार्बनची काडी ओलाव्यातही आवाज देते. काडीचं टोक वापरून वापरून चकचकीत होतं, तेही अधूनमधून पॉलिश पेपरवर दोनदा फिरवायला हवं. पॉट घासला आणि टोक विसरलं, तर निम्मंच काम झालं.

आता पेटी. या कॉलची आजची घडण १८९७ साली पेटंट झाली. आर्कान्सामधल्या डार्डनेलच्या हेन्री गिब्सन यांचं ते पेटंट. सव्वाशे वर्षांत मूळ रचना फारशी बदललेली नाही: अरुंद लांब लाकडी पेटी, वर दांडी असलेलं झाकण, एका टोकाला स्क्रू आणि त्याखाली स्प्रिंग. झाकणाचा किंचित फुगीर तळ पेटीच्या पातळ ओठावर घासला की आवाज. पाच मिनिटांत माणूस ओळखू येईल असा यल्प काढतो, लहान मुलंही काढतात. आणि आवाज लांब जातो. टेक्सासच्या मोकळ्या माळावर किंवा पश्चिमेच्या डोंगरउतारांवर, वारा सुटलेला असताना, अर्ध्या मैलावरच्या नराला विचारायचं तर पेटीच.

पेटी पहिली का नाही, तर दोन कारणांमुळे. हलक्या आवाजात ती तितकी खरी वाटत नाही, निदान पंचवीस-तीस डॉलरच्या साध्या पेट्या तरी. आणि झाकण हलताना दिसतं. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न वळवता त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, आणि हालचाल तर तो माणसापेक्षा कितीतरी आधी टिपतो. पन्नास यार्डांवर आलेल्या पक्ष्यासमोर सहा इंचांचं झाकण हलवणं म्हणजे त्याला निरोप देणं. पॉट मांडीआड, गुडघ्याच्या सावलीत वाजवता येतो.

पेटी घ्यायची तर दोन्ही ओठांचे आवाज वेगळे असलेली घ्या, एक बाजू चढी, एक जाड. झाकणाला खडू लागतो, पण फळ्यावर लिहायचा नाही. त्यात मिसळलेल्या पदार्थांमुळे झाकणाला चकाकी येते आणि आवाज मरतो. बिनतेलाचा, बिनमेणाचा, कॉलसाठी म्हणून विकला जाणारा खडूच वापरा, झाकणाच्या तळाला लावा आणि ओठ कोरडे ठेवा. पेटीच्या ओठांना पॉलिश पेपर लावायचा मोह होतो, तो टाळा: कारागिराने जी जाडी ठरवून ठेवली आहे ती एकदा गेली की परत येत नाही. झाकणाचा तळ गुळगुळीत झाला असेल तर स्क्रबर हलका फिरवून पुन्हा खडू लावा, बास. स्क्रूलाही हात लावू नका. घेतल्या दिवशीच स्क्रूच्या खाचेशेजारी पेन्सिलने खूण करून ठेवा, म्हणजे पिशवीत हलून सैल झाला तर मूळ जागा कळेल.

पेटीतला मोठा धोका चालताना आहे. पिशवीत झाकण हललं की अवेळी चिरका आवाज निघतो आणि अख्ख्या टेकडीला तुमची जागा कळते. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये फडक्याची घडी घालून वरून रबरबँड लावा. पाऊस असेल तर ब्रेडची प्लॅस्टिक पिशवी पेटीवर चढवून पिशवीच्या आतच ती वाजवता येते, आवाज थोडा दबतो पण खडू कोरडा राहतो.

बोटाने दाबायच्या बटणाच्या छोट्या पेट्याही मिळतात. त्या वाईट नाहीत, क्लक आणि पर्र त्यांवर सहज निघतो आणि संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला त्या उपयोगी आहेत. पण आवाजाची पट्टी एकच. ती एका सकाळी चालते, दुसऱ्या सकाळी तोच पक्षी ऐकतो आणि सरळ निघून जातो.

तोंडातला कॉल म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिच्यावर ताणलेल्या लॅटेक्सच्या एक ते चार पट्ट्या आणि बाजूने चिकटपट्टीची झालर. टाळूला चिकटवायचा, उघडी बाजू दातांकडे. जिभेने हलका दाब द्यायचा आणि छातीतून हवा सोडायची, फुंकर नव्हे. थंडीत हाताला ऊब द्यायला जसा ‘हाह्’ काढतो, तशी. पहिल्या दिवशी नुसता लांब शिट्टीसारखा आवाज निघाला तरी पुरे. मग जबडा खाली सोडत तो मोडायला शिकायचं, ‘ची-अक’ असं म्हणत. दोन पट्ट्यांचा, साध्या छेदाचा कॉल शिकायला बरा. तीन-चार पट्ट्यांचे आणि वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचे छेद असलेले कॉल जास्त खरखर देतात, पण त्यांना हवाही जास्त लागते. उलटीची भावना झाली तर कॉल फार मागे गेलेला असतो. झालर कात्रीने थोडी थोडी कापून टाळूला बसेल अशी करा, चौकट कधीही कापू नका. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने हा प्रकार सरळ सोडून द्यावा.

याची जागा शेवटच्या तीस-चाळीस यार्डांत आहे. बंदूक गुडघ्यावर टेकलेली, दोन्ही हात गुंतलेले, नर झाडाआड थांबून मान उंचावतो आहे. अशा वेळी पॉटकडे हात नेणं शक्य नसतं. एक बारीक क्लक तोंडातून निघाला तर तो पुढची चार पावलं टाकतो. म्हणून हा कॉल जानेवारीतच घ्या आणि कामावर जाता-येता गाडीत घोकत राहा. मे महिन्यात पहिल्यांदा तोंडात घालणाऱ्याने तो रानात वाजवला, तर एक खरखरीत चुकीचा सूर सगळी सकाळ घालवतो.

कॉल किती वाजवायचा, यावर विकणारे आणि शिकारी यांचं कधीच जुळणार नाही. दुकानातले व्हिडिओ पाहिले तर माणूस थांबतच नाही. पहाटे नर झाडावर असताना तीन-चार अगदी हलक्या हाका पुरतात. त्याने उत्तर दिलं तर त्याला तुम्ही कळलात, आता गप्प बसा. तो खाली उतरल्यावर साधी यल्पची एक माळ, मग दहा-पंधरा मिनिटं शांतता. झाडावरच तुम्ही जोरजोरात बोललात, तर तो फांदीवरच उभा राहून मादी येण्याची वाट पाहतो, कारण त्याच्या हिशेबी आता तीच येणार. माद्या सोबत असलेला नर सकाळी सहसा हलत नाही. नऊ-दहाच्या सुमारास माद्या अंडी घालायला निघून गेल्या की तोच नर एकटा पडतो आणि न ओरडता, पाय न वाजवता येतो. ज्यांनी आठ वाजता निराश होऊन उठायची सवय लावून घेतली, त्यांच्या हाती हा पक्षी लागत नाही. मात्र वेळेचा नियम पाहून घ्या: पेनसिल्वेनियासारख्या राज्यांत हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दुपारी बारालाच शिकार थांबते.

नराचा गॉबल काढणारे कॉलही त्याच भिंतीवर लटकत असतात. ते घेऊ नका. सरकारी जंगलात तुमचा गॉबल ऐकून दुसरा शिकारी बंदूक घेऊन तुमच्याच रोखाने येतो. याच कारणाने लाल, पांढरा आणि निळा हे रंग अंगावर कुठेही नकोत, रुमालसुद्धा नाही, कारण वसंतातल्या नराचं डोकं नेमकं याच रंगांचं असतं. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. दुसरा माणूस दिसला तर हात हलवू नका, कॉल वाजवू नका, स्पष्ट माणसाच्या आवाजात ओरडा. शिकार गेली तर जाऊ द्या.

भिंतीवरची एक स्वस्त गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: घुबडाचा किंवा कावळ्याचा कॉल. अशा आवाजाला दचकून नर नुसताच गॉबल करतो आणि त्याची जागा कळते. तो तुमच्याकडे येत नाही, पण कुठे बसायचं ते ठरतं.

मराठी घरांतून अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट कॉल घेण्याआधीची. राज्याचा शिकार परवाना आणि त्यासाठी लागणारं शिकारी-शिक्षण आधी पूर्ण करा, टर्कीचा वेगळा परवाना किंवा टॅग बहुतेक ठिकाणी लागतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना हा त्या मनाईतला अपवाद आहे, म्हणून परवाना हातात येण्याआधी मित्राची बंदूकही धरू नका. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. भारतात सुट्टीवर येताना कॉल सोबत आणलात तर तो खेळणं म्हणूनच ठेवा. इथे टर्की रानात नाही, आणि रानातल्या पक्ष्यांच्या शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

साठ ते ऐंशी डॉलर खर्चायचे असतील तर वाटणी अशी: स्लेटचा पॉट, हिकरीची आणि पर्पलहार्टची अशा दोन काड्या, दोन पट्ट्यांचा एक तोंडातला कॉल आणि घुबडाचा एक. पेटी पुढच्या वर्षी, किंवा मोकळ्या माळावरची शिकार असेल तर पॉटच्या आधी.

हंगाम संपला की पॉटच्या पृष्ठभागावर कापडाचा तुकडा ठेवून तो कोरड्या डब्यात ठेवा, गाडीच्या डिकीत नको. उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने चकतीचा गोंद सुटतो आणि पॉट भांड्यासारखा खडखडायला लागतो. पेटीवरचा जुना खडू कोरड्या ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका. तोंडातला कॉल माउथवॉशमध्ये बुडवून, पट्ट्यांच्या मध्ये टूथपिक सरकवून वाळवा, डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. ऊन आणि उष्णता लॅटेक्सला खातात. पुढच्या जानेवारीत तो बाहेर काढाल तेव्हा पट्टी पिवळट आणि ताठ झाली असेल तर तो फेकून दुसरा घ्या.